पोरांच्या पुस्तकात सगळी पोरं असावीत म्हणून: पुस्तकं निवडायची कशी, वाचायची कशी

तीन वर्षं झाली, आमच्या कॉलनीत दर रविवारी सकाळी मुलांचा वाचनकट्टा चालतो, नाशिकला, खाली पार्किंगमधे सतरंजी टाकून. फ्लॅटमधली मुलं येतात, मागच्या वस्तीतली येतात, शेजारी बिल्डिंगचं काम चालू होतं तेव्हा तिथल्या मजुरांची पण यायची. अगदी सुरुवातीचा एक रविवार मला अजून जसाच्या तसा आठवतो. मी कबुतरं आणि जाळ्याची गोष्ट वाचत होते, ती आपल्या सगळ्यांना पाठ असलेली, दाणे टाकलेत, कबुतरं खाली उतरतात, आणि झाडामागे लपलाय "दुष्ट पारधी". तेवढ्यात एक मुलगा उठून म्हणाला, काकू ही पण पारधीच आहे, आणि बोट दाखवलं शेवटच्या ओळीत बसलेल्या मुलीकडे. आठ वर्षांची असेल ती. ती काहीच बोलली नाही, गोष्ट संपेपर्यंत बसली, आणि पुढचे दोन रविवार आली नाही.

मी तो शब्द शेकडो वेळा वाचला होता आणि एकदाही थांबले नव्हते. माझ्यासाठी पारधी म्हणजे जाळं घेतलेला गोष्टीतला माणूस, तिच्यासाठी पारधी म्हणजे तिचे वडील. ब्रिटिशांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं, त्यात पारध्यांनाही ओढलं, तो कायदा १९५२ साली गेला पण गोष्टींमधला दुष्ट पारधी काही गेला नाही, तो दरवर्षी नवीन रंगीत छपाई होऊन परत येतो. तिच्या घरी जाऊन मी तिच्या आईशी बोलले, आणि घरी येऊन कट्ट्याची सगळी पुस्तकं बाहेर काढली. तेव्हापासून जे जे करत गेले, त्यातलं जे खरंच उपयोगी पडलं ते इथे सविस्तर लिहितेय, कारण दर महिन्याला कोणीतरी विचारतंच की "सगळ्यांना सामावून घेणारी" पुस्तकं निवडायची कशी.

तर पहिलं काम म्हणजे नवीन काही विकत घेऊ नका. आधी घरात जी आहेत ती सगळी जमिनीवर पसरा, मुलांना सोबत घेऊन बसा आणि मोजा. हो, खरंच मोजा, वही घेऊन. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बालपुस्तक केंद्राने १९८५ साली असंच मोजायला घेतलं होतं, त्या वर्षी तिकडे छापल्या गेलेल्या साधारण अडीच हजार बालपुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची निघाली फक्त १८. आकडा समोर आला की बोलायला काहीतरी ठोस असतं, नाहीतर "छे, आपल्याकडे तसं काही नसतं" यावरच गाडी अडते. माझ्याकडे तेव्हा एकसष्ट पुस्तकं होती. त्यातल्या निम्म्याहून जास्त प्राण्यांच्या गोष्टी, ती बाजूला ठेवली (त्यातही सिंहीण क्वचितच राजा असते), आणि माणसांच्या गोष्टींकडे बघायला लागले.

काय बघायचं? सगळ्यात आधी नावं. कोणाला नाव आहे आणि कोणाला नाही. आमच्या पुस्तकांत मिहीर, सई, ओंकार, आजोबा, मामा सगळ्यांना नावं किंवा नाती होती आणि "भाजीवाली", "मोलकरीण", "वॉचमन", "रिक्षावाला" यांना फक्त कामं. मग बघा ठरवतं कोण. अडचण येते तेव्हा युक्ती कोणाला सुचते, आणि मदत कायम कोणाला मिळते. ज्याला कायम मदतच मिळते त्याच्या जागी आपलं पोर ठेवून ती गोष्ट एकदा वाचा म्हणजे कळेल. मग घर बघा. गॅलरीवालं घर, टेबललॅम्प, स्वतःची खोली, हे एका पुस्तकात असेल तर काहीच हरकत नाही पण चाळीस पुस्तकांत तेच असेल तर चाळीतलं, पत्र्याच्या खोलीतलं, पाड्यावरचं पोर समजून जातं की गोष्टी आपल्याकडे घडत नाहीत.

आणि डबा बघा, डबा फार महत्त्वाचा आहे! मराठी बालपुस्तकातला डबा उघडला की त्यातून पोळी-भाजी, शिरा, फार तर थालीपीठ. बोंबील नाही, सुकट नाही, अंडं सुद्धा क्वचित, भाकरी असलीच तर शेतावरच्या आजोबांकडे सुट्टीत. आता "पोळी" हाच शब्द घ्या ना, माझ्या घरात पोळी म्हणतात, शेजारच्या घरात चपाती म्हणतात आणि त्यांच्याकडे पोळी म्हणजे सणाची पुरणाची. पहिलीतल्या मुलाला पुस्तकात सगळीकडे पोळीच दिसते आणि त्याला वाटतं आपण घरी चुकीचं बोलतो. आमच्या कट्ट्यावरच्या एका मुलाने मला हे थेट विचारलंय, "काकू बरोबर शब्द पोळी ना?" मी म्हटलं दोन्ही बरोबर, तुझ्या घरी काय म्हणतात ते वाच, आणि तेव्हापासून आम्ही मोठ्याने वाचताना तिथे प्रत्येकाने आपल्या घरचा शब्द घालायचा असा नियमच केलाय.

बोलीचंही तेच. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणारं पात्र आलं की ते एकतर नोकर असतं नाहीतर हसवायला आलेलं. हुशार मुलगी अहिराणीत बोलते, सायन्सचा प्रयोग करते आणि कोणी तिला "शुद्ध बोल" म्हणत नाही, असं पुस्तक मला मिळालं तर मी दहा प्रती घेईन. आणि आपल्या राज्यात फक्त मराठीच्या बोलीच नाहीत, गोंडी, माडिया, कोरकू, कोलामी, पावरी बोलणारी मुलं आहेत, ती पहिल्या दिवशी शाळेत येतात तेव्हा पुस्तकच परक्या भाषेत असतं.

रंगाबद्दल फार लिहीत नाही, तुम्हाला माहितीये, राजकन्या गोरीपान आणि चेटकीण काळी. चित्रं बघा फक्त, मजकूर वाचू नका, चित्रांवरूनच कळतं.

१९९० साली रुडिन सिम्स बिशप या अमेरिकेतल्या प्राध्यापक बाईंनी एक छोटा लेख लिहिला होता, त्यातली कल्पना मला अजूनही सगळ्यात जास्त कामाला येते. त्या म्हणतात काही पुस्तकं आरसा असतात, त्यात आपण दिसतो, काही खिडकी असतात, त्यातून दुसऱ्याचं घर दिसतं, आणि काही सरकत्या काचेच्या दारासारखी, त्यातून आत जाता येतं. आपल्याकडे काय झालंय, काही मुलांना नुसते आरसेच आरसे मिळालेत आणि काहींना फक्त खिडक्या. ऊसतोड कामगारांच्या मुलांचं बघा, बीड-अहिल्यानगरकडून दिवाळीच्या आगेमागे निघायचं, सहा महिने कारखान्याच्या आजूबाजूला कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहायचं, शाळा सुटते नाहीतर मधेच बदलते. किती हजार मुलांचं बालपण असं जातं, आणि कोपीत राहणारी मुलगी जिच्या गोष्टीत मुख्य आहे असं किती मराठी पुस्तकांत सापडतं? आणि ती गोष्ट दुःखाचीच असायला हवी असं अजिबात नाही, तिथेही मुलं खेळतात, भांडतात, कुत्र्याचं पिल्लू पाळतात, बैलांची नावं ठेवतात.

इथे माझं सगळ्यात ठाम मत सांगते, बाकी विसरलात तरी चालेल. पुस्तकात वेगळं मूल असावं पण त्याचं वेगळेपण हाच धडा नसावा. व्हीलचेअरवरची मुलगी मांजर शोधतेय, पूर्ण गोष्ट मांजराची, व्हीलचेअर नुसती आहे. मुस्लिम मुलाची पेन्सिल हरवलीये आणि त्याला गणिताचा पेपर आहे, बस. नाहीतर आपल्याकडे मुस्लिम मूल फक्त ईदच्या पानावर येतं, शिरखुर्मा देतं आणि पुढच्या वर्षीपर्यंत गायब होतं, आणि बाबासाहेब १४ एप्रिलला, सावित्रीबाई ३ जानेवारीला. सणाची, जयंतीची पुस्तकं वाईट आहेत असं नाही म्हणत मी. पण दहातली आठ तरी रोजच्या जगण्याची हवीत.

अपंगत्वाच्या पुस्तकांत दोन खड्डे हमखास असतात. एक म्हणजे शेवटी चमत्कार, मुलगा एकदम चालायला लागतो, जणू चालता आलं नसतं तर गोष्ट पूर्णच झाली नसती. दुसरा म्हणजे ते मूल इतकं गुणी, इतकं हसतमुख, इतकं जिद्दी की वर्गाने त्याच्याकडून "प्रेरणा" घ्यायची. त्या बिचाऱ्या मुलाला कधी चिडायची, आळस करायची, गृहपाठ न करायची परवानगीच नाही. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिलेत, आपल्या पुस्तकांत मात्र काठी घेतलेला अंध माणूस आणि व्हीलचेअर एवढंच दिसतं. ऐकू न येणारी, वाचताना अक्षरांत अडखळणारी, स्वमग्न, सिकलसेल असलेली मुलं आपल्या वर्गात रोज बसतात. आणि शब्दाचंही बघा, "मूकबधिर" म्हणू नका, ऐकू न येणारी सगळी मुलं मुकी नसतात, कित्येक बोलतात आणि खुणांची भाषा ही पूर्ण भाषाच आहे, कर्णबधिर म्हणा. दिव्यांग, अपंग, विकलांग यातलं काय म्हणायचं ते त्या मुलाला, त्याच्या घरच्यांना विचारा, प्रत्येकाची आवड वेगळी असते आणि विचारलेलं कोणाला वाईट वाटत नाही.

आता मिळतात कुठे. मोठ्या मॉलमधल्या दुकानात मराठी बालपुस्तकांचा एक कोपरा असतो आणि त्यात तेच पंचतंत्र-बिरबल, तिथे वेळ घालवू नका. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं बघा, माधुरी पुरंदरेंची पुस्तकं तुम्हाला माहीत असतीलच, त्यातलं मूल हे खरं मूल असतं, उपदेश ऐकायला उभं केलेलं नसतं. चेन्नईचं तूलिका १९९६ पासून अनेक भारतीय भाषांत चित्रपुस्तकं काढतंय, मराठीत सुद्धा. महाश्वेता देवींनी लिहिलेली मोयनाची गोष्ट त्यांचीच, शबर जमातीची मुलगी, जी सारखी "का?" विचारते, पाणी आणायला एवढं लांब का जायचं, बाबूंना धन्यवाद मीच का द्यायचे, आणि तिला गप्प कोणी करू शकत नाही. ही गोष्ट मी कट्ट्यावर वाचली की पुढचा अर्धा तास मुलं मला "का" विचारून भंडावतात, आणि मला ते फार आवडतं. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं स्वस्त असतात, प्रदर्शनात गेलात तर चाळून घ्या. किशोर मासिक बालभारती १९७१ पासून काढतंय, जुने अंक ऑनलाइन वाचता येतात, त्यात गावाकडचं, कष्टाचं जगणं लिहिणारे खूप लेखक सापडतील.

आणि पैसे नसतील तर स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेली साइट आहे, पुस्तकं फुकट वाचता येतात, डाउनलोड करून प्रिंट काढता येतात, आणि परवाना खुला असल्यामुळे तुम्ही स्वतः भाषांतर करून टाकू शकता. मराठी आहे, कोंकणी आहे, गोंडी सुद्धा आहे. आमच्याकडे मी ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढते आणि मुलं रंगवतात, त्यात रंग कोणता द्यायचा यावर जी चर्चा होते ती कुठल्याही कार्यशाळेपेक्षा भारी असते. पूर्वी आमच्याकडे एका पेन्सिलला "स्किन कलर" म्हणायचे, फिकट गुलाबी. आता मुलंच म्हणतात कोणाच्या स्किनचा? मग हात शेजारी शेजारी ठेवून तपकिरीच्या सगळ्या पेन्सिली जुळवून बघतात.

घेण्याआधी मागचं पान, लेखकाची ओळख वाचा. आदिवासी मुलाची गोष्ट आदिवासी माणसाने लिहिलीये का, चित्रं कोणी काढलीत. दुसऱ्याने लिहिलेली घेऊच नका असं नाही, पण दहा पुस्तकं असतील आणि दहाही बाहेरून बघून लिहिलेली असतील तर कुठेतरी कमी पडतंय एवढं लक्षात ठेवा आणि पुढच्या वेळी शोधा. वारली चित्रांची बॉर्डर लावली म्हणजे पुस्तक वारल्यांचं झालं असं होत नाही ना.

वाचायचं कसं याबद्दल आता जरा जास्त लिहिते कारण चांगलं पुस्तक वाईट पद्धतीने वाचून मी स्वतः घालवलेलं आहे. गोष्ट मधे थांबवून "बघा बाळांनो, आपण कोणाला चिडवायचं नाही" असं म्हणायचं नाही. गोष्ट पूर्ण होऊ दे. संपल्यावर लगेच प्रश्न विचारू नका, शांत बसा, मुलं स्वतःच बोलतात, आणि जे बोलतात त्यावर "असं बोलू नये" म्हणून झाकण घालू नका. "त्याचा पाय असा का?" हा प्रश्न आहे, अपमान नाहीये. जे माहितीये ते साध्या शब्दांत सांगायचं, जन्मापासून तसा आहे, तो असा चालतो, त्याला जिना चढायला रॅम्प लागतो. सिग्नलला, रेल्वेत भेटणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तीबद्दल मुलं विचारतात तेव्हा आपण पटकन विषय बदलतो, तेव्हाही हेच, काही माणसांना बाकीचे मुलगा म्हणत असतात पण त्यांना आतून आपण तसे नाही असं कळतं, आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१४ साली त्यांची स्वतःची ओळख मान्य केलीये. सहा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं, तो पुढे आइस्क्रीमचं विचारतो.

आणि सगळ्यात मोठी काळजी, वर्गात किंवा कट्ट्यावर त्या समाजाचं, त्या परिस्थितीतलं मूल बसलेलं असेल तर पुस्तक त्याच्याकडे बघून वाचू नका, "हो ना रे, तुमच्याकडे असंच असतं ना" हे तर कधीच नको. त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल. त्याला नमुना म्हणून उभं करायचा अधिकार आपल्याला नाही. आमच्या एका मैत्रिणीच्या मुलाच्या शाळेत (नाव लिहीत नाही) जातीवरचा धडा झाला आणि बाईंनी वर्गात कोण कोण त्या जातीचे म्हणून हात वर करायला लावले. तो मुलगा घरी येऊन जेवला नाही.

जातीबद्दल लहान मुलांशी बोलायचं का, हा प्रश्न मला जवळजवळ नेहमी अशा घरातून येतो जिथे जातीचा त्रास कधी झालेला नाही. "इतक्या लहान वयात कशाला?" ज्यांना त्रास होतो त्या मुलांना वय विचारून होत नाही. बाबासाहेब नऊ-दहा वर्षांचे होते १९०१ साली, वडील कोरेगावला नोकरीला, सुट्टीत त्यांच्याकडे जायचं म्हणून भावाबरोबर आणि बहिणीच्या मुलाबरोबर साताऱ्याहून निघाले, नवे कपडे घालून, पहिल्यांदाच रेल्वेने, केवढे खुश. मसूर स्टेशनवर उतरले तर न्यायला कोणी आलेलं नाही, नोकराने पत्र वडिलांना दिलंच नव्हतं. स्टेशनमास्तर आधी प्रेमाने बोलला, जात कळल्यावर त्याचा चेहराच बदलला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. गाडीवाले न्यायला तयार नाहीत, शेवटी एक तयार झाला ते दुप्पट भाड्यावर आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर, तो स्वतः बाजूने चालणार. डब्यात खायला होतं पण प्यायला पाणी कोणी दिलं नाही, रात्रभर तसेच उपाशी. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

ही गोष्ट मी सात-आठ वर्षांच्या मुलांना सांगते, तेवढीच, नुसती प्रवासाची गोष्ट म्हणून. नवे कपडे कोणते होते, गाडीत काय गंमत वाटली, डब्यात काय असेल यावर मुलं आधी खूप बोलतात, आणि पाण्यापाशी आली की सगळी गप्प होतात. एकदा एक मुलगी म्हणाली मग त्यांनी डबा खाल्लाच नाही? घास गिळणार कसा? मी काही समजावलं नव्हतं. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना भीमायन दाखवा, बाबासाहेबांच्या आयुष्यावरची चित्रकथा, २०११ साली नवयान प्रकाशनाने काढलेली, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड कलाकारांची. त्यात बोलण्याचे फुगे बघा, साध्या, सोसणाऱ्या माणसांचं बोलणं पक्ष्याच्या आकारात आणि जातीचं विष ओकणारं बोलणं विंचवाच्या नांगीच्या फुग्यात. मुलांना हे एकदा कळलं की ती शाळेतल्या बोलण्याला सुद्धा नांगी लावायला लागतात, "काकू तो आज मला विंचवाचं बोलला."

त्याच वयाच्या मुलांना मुक्ता साळवेचं लिखाण वाचून दाखवा. फुल्यांच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली, चौदा वर्षांची मुलगी, तिने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. भाषा जुनी आहे, थोडी थोडी करून, सोपी करत वाचावी लागते. पण हे आपल्याच वयाच्या मुलीने लिहिलंय हे कळल्यावर आमच्याकडच्या आठवीतल्या मुलींची मान जी वर झाली ती मी बघितलीये.

जुन्या पुस्तकांचं काय करायचं? फेकून देऊ नका, असं मला वाटतं. माझ्यासाठी श्यामची आई अजूनही जवळचं पुस्तक आहे, साने गुरुजींनी ते १९३३ साली इथेच नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि याच माणसाने १९४७ साली पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. त्यात आई श्यामला एका दलित म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून द्यायला सांगते तो प्रसंग आहे. तो वाचा, आणि वाचून झाल्यावर मुलांना सांगा आता हीच गोष्ट त्या म्हातारीने घरी जाऊन कशी सांगितली असेल ते लिहा. तिला नाव द्या, तिचं घर, तिची नातवंडं. आमच्या एका मुलाने लिहिलं की म्हातारी घरी जाऊन म्हणाली "आज एका पोराने मोळी दिली पण ती उचलायला मला इतका वेळ उन्हात उभं राहावं लागलं." तो दहा वर्षांचा होता.

शब्द बदलायचे की नाहीत यावर माझं असं आहे, अगदी लहान मुलांना वाचताना मी सरळ बदलते, पारधीच्या जागी शिकारी म्हणते, "आंधळा भिकारी" नुसता म्हातारा होतो. मोठ्या मुलांबरोबर मात्र तो शब्द तसाच वाचायचा आणि त्यावर बोलायचं, तो कुठून आला, फासेपारधी म्हणजे फासे लावून तितर-लावे धरणारे, ते त्यांचं पिढ्यांचं काम होतं, मग ते दुष्ट का झाले गोष्टीत? कोळी मासे धरतो तो दुष्ट नाही. आपल्या बोलण्यातही बघा, वडारी, कैकाडी, भिल्ल हे शब्द आपण पोरांना रागवताना वापरतो, "काय भिल्लासारखा फिरतोयस". पुस्तकं कितीही चांगली आणली आणि जेवताना घरात हे चालू राहिलं तर मूल जेवतानाचं ऐकतं.

मुलगा-मुलगीचं थोडक्यात, कारण यात बरीच चांगली पुस्तकं आता आलीत. २०१९ मधे बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले तेव्हा केवढी चर्चा झाली होती आठवतंय? एक साधं चित्र. धाडसी मुलींची पुस्तकं भरपूर मिळतील, रडणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या, बाहुलीशी खेळणाऱ्या, घाबरणाऱ्या मुलांची शोधा, ती कमी आहेत आणि ती तुमच्या मुलाला फार लागणार आहेत.

अजून एक, पुस्तकात सगळे आले पण पुस्तकापर्यंत सगळे येतात का? कट्टा पहिल्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल तर झालंच. आमच्याकडे एक कमी दिसणारा मुलगा येतो, त्याच्यासाठी प्रिंट काढताना अक्षर मोठं करते, काळं ठळक, कागद चकचकीत नको कारण त्यावर उजेड चमकतो. अंध मुलांसाठी २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय म्हणून ऑनलाइन ग्रंथालय आहे, छापील वाचता न येणाऱ्यांसाठीच केलेलं. चित्रं हाताला लागावीत म्हणून जाड दोरा, वाळू, कापड, सॅंडपेपर चिकटवून घरीच पानं करता येतात, बघणाऱ्या मुलांना पण ती प्रचंड आवडतात, डोळे मिटून ओळखायचा खेळ होतो. ब्रेलचे सहा ठिपके मुलांना शिकवले तर एका दुपारीत आपलं नाव लिहितात. ऐकू न येणारं मूल असेल तर वाचताना तोंड त्याच्याकडे, उजेड आपल्या चेहऱ्यावर, पुस्तक तोंडासमोर नको. वाचता न येणारे आई-वडील असतील तर शब्दच नसलेली चित्रपुस्तकं द्या, त्यांना मुलासोबत गोष्ट सांगता येते आणि कोणाला काही कबूल करायची वेळ येत नाही.

परदेशातल्या मैत्रिणींसाठी, तुमच्याकडे इंग्रजीत वर्णभेदावर, वेगवेगळ्या कुटुंबांवर सुंदर पुस्तकं लायब्ररीत सहज मिळतात, ती मुलांना वाचून दाखवताच तुम्ही. पण मग मूल एक दिवस विचारतं आपल्याकडे पण असं होतं का, तेव्हा "नाही, आपले सगळे एकसारखेच" असं सांगू नका. मंडळाच्या मराठी शाळेत दिवाळी-गणपतीच्या पुस्तकांबरोबर मसूर स्टेशनची गोष्ट पण सांगा.

शेवटी, जे पुस्तक मिळत नाही ते बनवा. दोन एफोर कागद मधे दुमडले की आठ पानी पुस्तक होतं, मधोमध दोन स्टेपल. पहिल्या पानावर नाव आणि लिहिणाऱ्याचं नाव, दुसऱ्यापासून गोष्ट, पानाला एक किंवा दोनच वाक्यं, वर चित्राला जागा. लिहिता येत नसेल तर मुलाने सांगायचं आणि आपण लिहायचं, अगदी त्याच्या बोलीत, दुरुस्त न करता. "माझ्या घरची भाजी", "आमचा रस्ता", "आजी काय काम करते" असे विषय द्या, "माझे स्वप्न" नको. तयार पुस्तकाची झेरॉक्स काढून कट्ट्याच्या पेटीत इतर पुस्तकांबरोबरच ठेवायची, वेगळ्या फाइलमधे नाही, म्हणजे दुसरी मुलं ती घरी न्यायला लागतात.

ती मुलगी तिसऱ्या रविवारी आली होती, धाकट्या भावाला कडेवर घेऊन. गेल्या वर्षी तिने एक पुस्तक केलं, "आजाचा फास". तितर कसा धरायचा, फास घोड्याच्या केसांचा कसा वळायचा, आणि एकदा छोटं पिल्लू अडकलं तेव्हा आजाने ते कसं सोडून दिलं, असं आठ पानांत, चित्रं बॉलपेनने. पेटीतलं ते पुस्तक सध्या बी विंगमधल्या एका मुलाकडे आहे, त्याने दुसऱ्यांदा नेलंय.